पानावरचा रंग कुणाचा?

रोगट पान हातात आलं की आपण सहज म्हणतो, विषाणूने पान खाल्लं. पण अळीला जबडा असतो. तंबाखूच्या मोझॅक विषाणूकडे काय असतं? सुमारे ६,४०० अक्षरांचा आरएनएचा एक धागा, त्यावर एकाच प्रथिनाच्या २,१३० प्रतींचं आवरण आणि त्या धाग्यात लिहिलेली जेमतेम चार प्रथिनं. दोन स्वतःच्या प्रती काढायला, एक शेजारच्या पेशीत शिरायला, एक आवरणाला. संपली शिदोरी. यातलं एकही प्रथिन हरितद्रव्य खाण्यासाठी किंवा पेशी जाळण्यासाठी बनलेलं नाही. तरीही पान पिवळं पडतं, चुरडतं, त्यावर तपकिरी ठिपके उठतात. मग हे करतं कोण?

वनस्पतींचे विषाणू हाच माझा कामाचा विषय आहे आणि हा प्रश्न इतकी वर्षं माझी पाठ सोडत नाही. एकदा प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थिनीने विचारलं होतं, “मॅडम, हा पिवळेपणा विषाणूचा की झाडाचा?” मला तो प्रश्न फार आवडला, कारण त्याचं उत्तर दर वेळी वेगळं येतं. झाडाच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. अरॅबिडॉप्सिससारख्या चिमुकल्या रोपातही प्रथिनं बनवणारी सुमारे २७,००० जनुकं आहेत. पण सगळी एकदम वाचली जात नाहीत. कुठलं जनुक कधी, किती वाचायचं यावरच पान पान राहतं आणि मूळ मूळ राहतं. विषाणू शिरला की हे वाचन बदलतं. शेकडो जनुकांचा आवाज चढतो किंवा उतरतो, आणि आपल्याला दिसतो तो रोग म्हणजे बराचसा या बदललेल्या वाचनाचा परिणाम. त्यातलं झाडाने स्वतःहून किती केलं आणि विषाणूने त्याच्याकडून किती करवून घेतलं, हे सोडवत बसण्यात मला खरा रस आहे.

तपकिरी ठिपक्यापासून सुरुवात करते, कारण तिथे उत्तर स्वच्छ मिळतं. तंबाखूच्या पानांवरच्या हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांना मोझॅक हे नाव १८८६ मध्ये अडोल्फ मायर यांनी दिलं. १८९२ मध्ये इव्हानोव्स्की यांनी आणि १८९८ मध्ये बायेरिंक यांनी दाखवलं की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही हा रोग पार होतो. विषाणूशास्त्राचा जन्म इथला, झाडाच्या पानावरचा. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते फ्रान्सिस होम्स यांचं १९२९ चं काम. तंबाखूच्या एका जंगली भाईबंदाच्या, निकोटियाना ग्लुटिनोसाच्या पानावर त्यांनी हा विषाणू चोळला. मोझॅक झालाच नाही. जिथे जिथे विषाणू आत शिरला तिथे तिथे फक्त एकेक छोटा ठिपका उठला आणि बाकी झाड ठणठणीत राहिलं.

हा प्रयोग आजही तसाच करतात. पानावर कार्बोरंडमची बारीक पूड भुरभुरायची, विषाणू असलेला रस बोटाने हलकेच फिरवायचा आणि लगेच पाण्याने धुऊन टाकायचं. पुडीच्या कणांनी पेशींना बारीक ओरखडे पडतात, तीच विषाणूची वाट. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पान तिरकं धरून उजेडात पाहिलं तर कुठे कुठे पाणी मुरल्यासारखे टिंब दिसतात. मग ते खोलगट होतात, वाळतात, मधला भाग कागदासारखा पातळ पडतो आणि भोवती गडद कडा धरते. बोटाच्या टोकाला तो खळगा जाणवतो. आणि त्या कडेच्या पलीकडे, अगदी लागून, पान निरोगी हिरवं असतं.

तो ठिपका विषाणूने पाडलेला नाही. ‘एन’ नावाचं एक जनुक असं प्रथिन बनवतं, जे विषाणूच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनाचा एक ठरावीक भाग ओळखतं. ओळख पटली की पेशीत झपाट्याने घडामोडी होतात. ऑक्सिजनचे तिखट रेणू उसळतात, संरक्षणाची जनुकं धडाधड वाचली जातात आणि बाधित पेशी मरून जाते. तिच्या मरण्याने विषाणू आतल्या आत कोंडला जातो.

याचा पुरावा तापमानातून मिळतो. साधारण २८ अंश सेल्सियसच्या वर हे ‘एन’ काम करेनासं होतं. अशा उबेत ठेवलेल्या रोपाला विषाणू लावला तर ठिपके उठत नाहीत. विषाणू निवांतपणे झाडभर पसरतो आणि झाड उभं राहतं. आता तेच रोप थंड खोलीत आणा. ‘एन’ जागं होतं, त्याला एकाच वेळी सगळीकडे शत्रू दिसतो आणि अख्खं रोप एकदम करपून जातं. विषाणू तोच, त्याचं प्रमाणही तेवढंच. बदललं ते झाडाचं वागणं. १९९४ मध्ये बार्बरा बेकर यांच्या गटाने ‘एन’ जनुक शोधून काढलं ते याच युक्तीने. उड्या मारणाऱ्या एका डीएनएच्या तुकड्याने ज्यांची जनुकं कुठे ना कुठे मोडली होती अशी असंख्य रोपं उबेत बाधित केली आणि मग थंडीत आणली. जवळजवळ सगळी मेली. जी वाचली, त्यांचं ‘एन’ मोडलेलं होतं. रक्षण करणारं जनुक सापडलं ते ते हरवूनही जगलेल्या रोपांमुळे, आणि प्रयोगाची ही रचना मला आजवर पाहिलेल्या सर्वांत सुंदर रचनांपैकी एक वाटते.

ठिपका उठलेल्या पानातून बातमी इतर पानांपर्यंत जाते. १९६१ मध्ये फ्रँक रॉस यांनी दाखवलं की खालच्या पानांवर आधी विषाणू लावला तर काही दिवसांनी वरच्या, न लावलेल्या पानांवर ठिपके कमी आणि लहान पडतात. या तयारीत सॅलिसिलिक आम्लाचा मोठा वाटा आहे. १९७९ मध्ये तंबाखूच्या पानात ॲस्पिरिन टोचल्यावर मोझॅक विषाणूचे ठिपके फार घटल्याचं दिसलं होतं, आणि ॲस्पिरिन हे त्याच आम्लाचं रूप आहे. आम्ल वाढलं की एनपीआर-१ नावाचं एक प्रथिन, जे एरवी पेशीद्रव्यात जुडीने बसून असतं, सुटं होऊन केंद्रकात जातं आणि तिथे पीआर-१ सारखी संरक्षणाची जनुकं वाचायला लावतं. हेच आम्ल मिथाईल सॅलिसिलेट होऊन हवेतही उडतं आणि शेजारच्या रोपात तीच तयारी सुरू करू शकतं. हे १९९७ चं काम आहे. या विषयावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी पुढे जाते. मला ज्यावर रेंगाळायचं आहे ती गोष्ट यापेक्षा शांत आहे, आणि ती कुणाला कळायलाच सत्तर वर्षं लागली.

१९२८ मध्ये विंगार्ड यांनी वलयी ठिपक्यांचा विषाणू लागलेल्या तंबाखूच्या रोपाचं वर्णन केलं. खालची पानं कड्याकड्यांच्या चट्ट्यांनी भरलेली. त्यांच्यावरच्या पानांवर चट्टे कमी. शेंड्याकडची पानं मात्र स्वच्छ, जणू त्या झाडाला कधी काही झालंच नव्हतं. त्या निरोगी पानांवर तोच विषाणू पुन्हा लावला तर रोग होत नव्हता. झाडाला आपल्यासारखं रक्त नाही, प्रतिपिंडं नाहीत, विषाणू लक्षात ठेवून फिरणाऱ्या पेशी नाहीत. मग वरच्या पानांना कळलं कसं?

उत्तराचा धागा भलतीकडेच सापडला. १९९० मध्ये पेटुनियाची फुलं अधिक गडद जांभळी व्हावीत म्हणून रिचर्ड जॉर्गेन्सन आणि सहकाऱ्यांनी रंगाच्या जनुकाची एक जादा प्रत रोपात घातली. काही रोपांची फुलं पांढरी झाली, काहींची चट्टेरी. जादा प्रत आल्यावर झाडाने मूळची प्रतही गप्प केली होती. पुढे विषाणूंवर काम करणाऱ्यांना तसंच काही दिसू लागलं. ज्या रोपांत विषाणूचं एखादं जनुक मुद्दाम बसवलेलं होतं, ती त्या विषाणूतून बरी होत होती, आणि बरी झाल्यावर पेशीतला त्या अक्षरांचा आरएनए नाहीसा होत होता. १९९७ मध्ये डेव्हिड बोलकम्ब यांच्या गटाने दाखवलं की साध्या, काहीही न बसवलेल्या रोपांतही हेच घडतं. बऱ्या झालेल्या पानात दुसराच विषाणू सोडला तर तो वाढतो. पण त्याच दुसऱ्या विषाणूत पहिल्याच्या अक्षरांचा एक तुकडा जोडला, तर तोही अडवला जातो.

म्हणजे झाड विषाणूचा आकार बघत नव्हतं, त्याचं प्रथिनही चाचपत नव्हतं. ते त्याची अक्षरं वाचत होतं. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी तो शोधनिबंध बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

१९९९ मध्ये अँड्र्यू हॅमिल्टन आणि बोलकम्ब यांनी त्यामागचे रेणू दाखवले. आरएनएचे अगदी आखूड तुकडे, इतके आखूड की नेहमीच्या तपासणीत ते हाती लागत नव्हते. पुढे मोजणी नेमकी झाली, २१ ते २४ अक्षरं. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना दुपदरी आरएनए तयार होतो. निरोगी पेशीत लांब दुपदरी आरएनए सहसा आढळत नाही. डायसर जातीची प्रथिनं तो पकडून तुकडे करतात. त्यांतलं एक २१ अक्षरांचे करतं, दुसरं २२ चे, तिसरं २४ चे. आर्गोनॉट नावाचं प्रथिन एक तुकडा जवळ धरतं आणि त्याच्याशी अक्षरं जुळणारा विषाणूचा आरएनए दिसला की कापून टाकतं. आणखी एक प्रथिन कापलेल्या आरएनएवरून नवा दुपदरी आरएनए बनवतं, म्हणजे तुकडे वाढत जातात. हे तुकडे पेशीपेशींमधल्या वाटांनी आणि शिरांमधून वर सरकतात. नवं पान उमलतं तेव्हा त्याच्यापाशी विषाणूच्या अक्षरांची प्रत आधीच पोचलेली असते. विंगार्ड यांच्या रोपाच्या शेंड्याला ‘कळलं’ ते असं.

विषाणूही गप्प बसत नाही. टोमॅटोच्या एका विषाणूचं पी-१९ हे प्रथिन मला नेहमी थक्क करतं. २००३ मध्ये त्याची रचना उलगडली. ते त्या दुपदरी तुकड्यावर आडवं बसतं आणि आपल्या दोन टोकांच्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाने तुकड्याची दोन टोकं झाकून त्याची लांबी मोजतं. अक्षरं कुठली हे ते पाहत नाही. लांबी २१ ची भरली की धरून ठेवतं, म्हणजे आर्गोनॉटच्या हाती काही लागत नाही. इतर विषाणूंचे उपाय वेगळे आहेत. कुणी आर्गोनॉटचाच नाश करवतो, कुणी तुकडे वाढवणारी साखळी तोडतो. जवळजवळ प्रत्येक वनस्पती-विषाणूकडे असं एखादं तरी प्रथिन आहे, यावरूनच झाडाचं हे शस्त्र किती प्रभावी असेल ते ओळखावं.

पण हीच यंत्रणा झाड स्वतःच्या जनुकांसाठीही वापरतं. पानाच्या कडा कुठे वळायच्या, पेशींनी विभागणं कुठे थांबवायचं, हे ठरवणारी कितीतरी जनुकं अशाच आखूड आरएनएच्या ताब्यात असतात. विषाणूने ते तुकडे अडवले की त्यात झाडाचे तुकडेही अडकतात. चुरडामुरडा झालेलं पान म्हणजे काही अंशी या ओढाताणीची खूण. विषाणूला पान वाकडं करायचं होतं असं नाही. त्याला स्वतःला वाचवायचं होतं, आणि पानाला आकार देणाऱ्या सूचना मध्ये सापडल्या.

आता पिवळा रंग. काकडीच्या मोझॅक विषाणूबरोबर कधी कधी एक उपग्रह आरएनए फिरतो. जेमतेम ३७० अक्षरांच्या आसपासचा, कुठलंही प्रथिन न बनवणारा, विषाणूच्या जिवावर जगणारा. त्याचा एक प्रकार तंबाखूला झळझळीत पिवळं करतो. प्रथिन नाही तर हे तो करतो कसं, हे कोडं २०११ मध्ये जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन गटांनी वेगवेगळं सोडवलं. झाड नेहमीप्रमाणे त्या उपग्रहाचेही तुकडे करतं. त्यातल्या एका तुकड्याची २२ अक्षरं हरितद्रव्य बनवायला लागणाऱ्या एका जनुकाशी जुळतात. आर्गोनॉट इमानदारीने आपलं काम करतो आणि जुळणारा आरएनए कापतो. तो झाडाचाच असतो. हरितद्रव्य बनणं थांबतं. त्या जनुकाची अक्षरं प्रथिन न बदलता थोडी बदलून ठेवली, तर विषाणू आणि उपग्रह दोन्ही हजर असूनही पान हिरवं राहतं.

त्या विद्यार्थिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे सुरी झाडाची आणि पत्ता विषाणूचा.” मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

झाडाच्या विषाणूरोगाची सर्वांत जुनी मानली जाणारी लेखी नोंद पिवळ्या पानांचीच आहे, आणि ती एका कवितेत आहे. जपानची सम्राज्ञी कोकेन हिने इ. स. ७५२ मध्ये ऐन उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या एका झाडाबद्दल लिहिलं होतं. ते झाड युपॅटोरियम असावं आणि कारण पांढऱ्या माशीने पसरणारा एक डीएनए विषाणू, असं २००३ मध्ये मांडलं गेलं. त्याच्याबरोबरही एक उपग्रह असतो आणि शिरा पिवळ्या होतात त्या उपग्रहाच्या एकुलत्या एका प्रथिनामुळे. अशाच दुसऱ्या एका उपग्रहाचं प्रथिन पानाची वरची-खालची बाजू ठरवणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि कीटकांविरुद्ध लागणारी काही जनुकं दाबून टाकतं. इथे करवून घेणारा स्पष्ट दिसतो.

आणि कधी उत्तर कुणाच्याच बाजूचं नसतं. २००८ मध्ये मॅरिलिन रूसिंक यांच्या गटाने दाखवलं की काही विषाणू लागलेली रोपं पाणी तोडल्यावर निरोगी रोपांपेक्षा उशिरा कोमेजतात. पेशीला कोरडेपणात सांभाळणारे पदार्थ त्यांच्यात आधीच वाढलेले होते. आजारी म्हणायचं कुणाला, हे तिथे पाण्यावर ठरतं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की आता पान दळून त्यातला सगळा आरएनए मोजला की काम झालं. यंत्रं आहेत, आकडे भराभर येतात, वर गेलेली जनुकं लाल आणि खाली आलेली निळी. अशा याद्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जागा आणि वेळ सांगितल्याशिवाय त्या फार थोडं सांगतात. हे मी शिकले ते अँडी मॉल यांच्या गटाच्या वाटाण्यावरच्या कामातून. १९९५ च्या सुमारास त्यांनी विषाणू पसरत असलेल्या वाटाण्याच्या डाळिंबीचे पातळ काप घेतले आणि कुठल्या पेशीत कुठला आरएनए आहे ते जागच्या जागी रंगवून पाहिलं. विषाणू जिथे नुकताच पोचून प्रती काढत होता तिथे काही पेशींच्या रुंदीचा एक पट्टा होता. त्या पट्ट्यात झाडाची कितीतरी जनुकं गप्प झालेली, आणि त्याच पट्ट्यात उष्णतेच्या ताणात वाढणारं एचएसपी-७० मात्र चढलेलं. पट्टा पुढे सरकला की मागच्या पेशींमध्ये झाडाची जनुकं पुन्हा बोलायला लागत. वणव्याची धग जशी कडेलाच असते तसं, फक्त इथे मागे राख उरत नाही, हिरवं परत येतं.

आता हा अख्खा दाणा दळला तर काय दिसेल? पुढचं, मधलं, मागचं सगळं एकात मिसळून सरासरी. पट्ट्यातली शांतता मागच्या बोलण्यात बुडून जाईल. २००३ मध्ये पाच वेगवेगळे विषाणू लावलेल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये समान वाढलेली जनुकं शोधली तेव्हा उष्णतेच्या ताणाची प्रथिनं त्यात ठळक होती. ती कुणासाठी वाढतात? झाड बिघडलेली प्रथिनं सावरायला ती बनवतं. पण विषाणूंनाही आपली प्रथिनं घडवायला आणि प्रती काढायला त्यांची मदत लागते. विषाणूंच्या एका कुळाने तर एचएसपी-७० सारखं प्रथिन स्वतःच्याच जनुकांत बाळगलं आहे. म्हणून ‘वाढलं’ एवढ्यावरून ते कुणाच्या फायद्याचं हे ठरत नाही.

माझ्या कामात मी निकोटियाना बेंथामियाना हे ऑस्ट्रेलियातलं झाड वापरते. त्याच्या संरक्षणसाखळीतलं आरडीआर-१ हे एक जनुक मुळातच मोडलेलं आहे, त्यामुळे विषाणू त्यात सहज वाढतात. विषाणूला चमकणारं हिरवं प्रथिन जोडलेलं असतं. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला की निरोगी भाग हरितद्रव्यामुळे लाल दिसतो आणि विषाणूचा प्रदेश हिरवा. त्या हिरव्याच्या कडेवरून मी एक अरुंद पट्टी कापते, एक आतून आणि एक बाहेरच्या लालातून. तिन्ही वेगळ्या नळ्यांमध्ये जातात. मग तेच सगळं पुन्हा, पण या वेळी विषाणू असा, ज्याचं पी-१९ सारखं, झाडाचे तुकडे अडवणारं प्रथिन काढून टाकलेलं आहे. हा दुर्बळ विषाणू फार लांब जात नाही, पण त्याच्या कडेवर झाड जे करतं ते त्या प्रथिनाची लुडबूड नसताना करतं. दोन्ही कडांच्या याद्या शेजारी ठेवल्या की जी जनुकं दोन्हीकडे बदललेली असतात ती मी झाडाच्या खात्यावर टाकते. फक्त पहिल्या यादीत असलेल्यांवर विषाणूचा संशय असतो, आणि तो एकेका जनुकापाशी जाऊन तपासावा लागतो.